झाडावर झाड दिसलं की लगेच कोयता? या चुका टाळा

नाशिकजवळ त्र्यंबक रस्त्याकडच्या एका बागेत गेल्या पावसाळ्यात माळीदादा आंब्यावर चढले. "ताई, बांडगूळ झालंय, उतरवून टाकतो," म्हणाले. खाली पडला तो आमरीचा, म्हणजे ऑर्किडचा झुबका, जाड पांढरट मुळांसकट. खरं बांडगूळ मात्र शेंड्याकडे तसंच राहिलं. मला फार वाईट वाटलं, कारण ती आमरी झाडाचं काहीच घेत नव्हती.

झाडावर वाढतं ते सगळं बांडगूळ, ही सगळ्यांत मोठी चूक. पानांवरून फसायला होतं, म्हणून जोड बघा. बांडगूळ फांदीला चिकटतं तिथे फुगीर गाठ असते. त्याची शोषक मुळं साल भेदून लाकडात शिरतात आणि आंब्याचं पाणी आणि क्षार ओढतात. पानं हिरवी असल्यामुळे अन्न ते स्वतः तयार करतं, तरी गाठीपुढची फांदी हळूहळू वाळते. आमरीच्या जोडाला अशी गाठ नसते. तिची मुळं सालीला नुसती धरून असतात. पाऊस, दव आणि सालीच्या भेगांत साचलेला पालापाचोळा तिला पुरतो. बाशिंग नावाचं नेचंही असंच राहतं. आणि 'दगडफुलामुळे झाड वाळलं' असं म्हणतात ते तर उलटं आहे. झाड आधीच खंगतं, पानं विरळ होतात, खोडावर ऊन पोचतं, म्हणून दगडफूल वाढतं.

खरं बांडगूळ सापडलं की लोक त्याची पानं ओरबाडतात किंवा गाठीपाशी छाटतात. चार महिन्यांत ते पुन्हा फुटतं, कारण आतली मुळं शाबूत असतात. शिवाय त्याच्या काही मुळ्या सालीवरून सरपटत पुढे जातात आणि नव्या जागी घुसतात. म्हणून गाठीच्या खोडाकडच्या बाजूला दीड-दोन वीत सोडून फांदीच कापा, आणि तीही फळं पिकायच्या आधी. फुलटोच्या हा चिमणीहून लहान पक्षी ती फळं खातो, चिकट बी फांदीला पुसतो आणि तिथेच नवं बांडगूळ रुजतं. शेजारच्या बांधावरचं बांडगूळ तसंच ठेवलं, तर आपली मेहनत वाया जाते. दोघांनी मिळूनच काढावं.

कापलेल्या जागी बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावा. आपल्याकडे द्राक्षवाल्यांच्या घरी मोरचूद आणि चुना असतोच: प्रत्येकी 1 किलो, पाणी 10 लिटर, आणि भांडं प्लास्टिकचं. फक्त ती आमरीच्या मुळांवर जाऊ देऊ नका, मोरचुदातलं तांबं तिला सोसत नाही.

जंगलातून आमरी आणून मातीच्या कुंडीत लावणं ही मला सर्वांत जास्त सलणारी चूक. तिच्या मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं, ते पाणी टिपून लगेच वाळायला हवं. मातीत गच्च बसलं की मुळं कुजतात. आणि तिचं बी धुळीएवढं बारीक, त्यात शिदोरीच नसते. ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. ब्रह्मगिरी, अंजनेरीच्या डोंगरांवरून आणलेलं एक रोप परत तयार व्हायला किती वर्षं लागतील, याचा विचार करा. तिला तिथेच राहू द्या.

कुंपणावरची पिवळी अमरवेल उपटून दुसऱ्या झुडपावर टाकू नका. तुकडाही नव्या झाडाला धरतो. कडुनिंबावरची गुळवेल मात्र जमिनीतूनच पोसलेली असते, निंबाचा ती फक्त आधार घेते. फार दाट झाली तर विरळ करा.

पिंपळ-वडाच्या बाबतीत आपण उलट चुकतो. बेचक्यात रोप उगवतं आणि देवाचं झाड म्हणून कोणी हात लावत नाही. ते रस शोषत नाही, पण मुळं जमिनीला टेकली की झपाट्याने जाड होतात आणि आधाराच्या खोडाला आवळतात. रोप वीतभर असतानाच, पावसाळ्यात, मुळांसकट अलगद काढा आणि घरापासून लांब, मोकळ्या जागी जमिनीत लावा. तिथे ते छान वाढतं.