अंतराळी खेळांसाठी जॉयस्टिक: बटणं नंतर, आधी ॲक्सिस मोजा

विमानांच्या खेळात झकास चालणारी जॉयस्टिक अंतराळाच्या खेळात तोकडी का पडते? विमान पंखांच्या जोरावर उडतं, त्यामुळे त्याला जागच्या जागी बाजूला किंवा सरळ वर सरकता येत नाही. अंतराळयानाला मात्र सगळ्या अंगांना थ्रस्टर, म्हणजे जोर देणारी छोटी इंजिनं असतात. त्याला वळायच्या तीन तऱ्हा: नाक वर-खाली म्हणजे पिच, नाक डावी-उजवीकडे म्हणजे यॉ, आणि कूस बदलणं म्हणजे रोल. सरकायच्याही तीन: पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली. एकूण सहा. प्रत्येक तऱ्हेला कमी-जास्त जोर मोजणारा एक ॲक्सिस लागतो. दुकानदार बटणांचा आकडा सांगेल, दिव्यांचे रंग दाखवेल. तुम्ही खोक्यावर आधी हे सहा ॲक्सिस शोधा.

सरकण्याचं काम हॅट स्विचवर, म्हणजे मुठीवरच्या चार दिशांना दाबता येणाऱ्या छोट्या बटणावर टाकता येतं आणि स्वस्त सेटवर तेच करावं लागतं. पण साधा हॅट म्हणजे चालू किंवा बंद, मधलं काही नाही. ‘एलिट डेंजरस’ या खेळात उतरण्याच्या पॅडवर येताना यान खाली सोडायचं असतं. हॅट दाबला की खालचा जोर एकदम पूर्ण लागतो, यान धपकन खाली जातं, घाबरून वरचा हॅट दाबला की पुन्हा उसळतं. टिचक्या मारत उतरणं जमतं, पण खरा ॲक्सिस असेल तर काठी केसभर खाली ढकलून मोठं मालवाहू यानही अलगद टेकवता येतं.

खेळ कोणता, त्यावर बरंच ठरतं

‘एलिट’मध्ये यॉ मुद्दाम मंद ठेवलेला आहे. शत्रूकडे वळायचं तर आधी कूस बदलायची आणि मग नाक वर ओढायचं. म्हणून इथे उजव्या काठीचं डावं-उजवं रोलला द्या, पुढे-मागे पिचला आणि मुठीची पीळ यॉला. ‘स्टार सिटिझन’मध्ये नेम धरताना यॉ सतत लागतो, त्यामुळे बरेच जण तिथे हे उलटं लावतात: डावं-उजवं यॉला, पीळ रोलला. दोन्ही खेळ खेळणार असाल तर एकच मांडणी दोन्हीकडे ठेवा. हाताची सवय दर आठवड्याला बदलत बसलात तर ऐन लढाईत बोटं दगा देतात.

‘एक्स४: फाउंडेशन्स’सारख्या खेळात अर्धा वेळ नकाशावर व्यापार आणि ताफा सांभाळण्यात जातो. त्यासाठी माउस लागतोच, त्यामुळे महागडा सेट फक्त तेवढ्यासाठी घेऊ नका.

गेमपॅडला कमी लेखू नये. दोन थंबस्टिकचे चार आणि दोन ट्रिगर धरून सहा ॲनालॉग गोष्टी त्यातही होतात. अडचण प्रवासाची आहे. अंगठ्याखालची काडी जेमतेम सेंटिमीटरभर हलते, त्यामुळे लांबच्या लक्ष्यावर बारीक नेम धरताना हात थरथरल्यासारखा वाटतो. एक्सबॉक्स पॅडची आणखी एक खोड म्हणजे जुन्या डायरेक्टइनपुट पद्धतीनं वाचला की दोन्ही ट्रिगर एकाच ॲक्सिसवर येतात आणि दोन्ही एकदम दाबले की एकमेकांना खातात. खेळात ‘एक्सइनपुट’ या नव्या पद्धतीचा पर्याय असेल तर तोच ठेवा.

थ्रॉटल की दुसरी काठी?

सगळ्यात जास्त वाद यावरच होतो. उजव्या हातात काठी आणि डाव्या हातात थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, याला होटास म्हणतात. दोन्ही हातांत काठ्या, तो होसास.

थ्रॉटल ठेवाल तिथे राहतो. ‘एलिट’च्या पल्ल्याच्या प्रवासाला हे सोयीचं. लढाईत वेगाच्या पट्टीवर मधला निळा भाग दिसतो, यान त्या वेगात सगळ्यात चपळ वळतं. थ्रॉटल एकदा तिथे नेऊन सोडला की हात मोकळा. सुपरक्रूझमध्ये, म्हणजे ग्रहाताऱ्यांमधल्या अतिवेगवान प्रवासात, ठिकाणाजवळ पोचताना उरलेली वेळ सात सेकंदांच्या आसपास आली की वेग ७५ टक्क्यांवर आणायचा असतो, तेही थ्रॉटलवर डोळे मिटून जमतं.

दुसरी काठी सोडली की मध्यावर परत येते. फ्लाइट असिस्ट (यान आपोआप सावरणारी संगणकाची मदत) बंद करून उडणाऱ्याला किंवा ‘स्टार सिटिझन’मध्ये तसंच, म्हणजे डीकपल्ड, उडणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं: ढकललं तर जोर, सोडलं तर जोर बंद. पुढे-मागे आणि डावं-उजवं एकाच हालचालीत मिसळता येतं, तिरकं सरकत गोळीबार चुकवता येतो. थ्रॉटलवर हे करताना दर वेळी शून्य चाचपडत शोधावं लागतं.

आमचं मत विचाराल तर ‘एलिट’मध्ये नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं होटास घ्यावा, लढाईच मुख्य असेल तर होसास. होसासवर ‘एलिट’ खेळताना एक चूक बहुतेकांची होते. डाव्या काठीचं पुढे-मागे थ्रॉटलच्या ॲक्सिसला लावलं जातं आणि हात सोडला की यान थांबतं. पर्यायांच्या यादीत पुढे-मागे जोर देणाऱ्या थ्रस्टरचा वेगळा ॲक्सिस आहे, काठी त्याला जोडा. वेग मात्र बटणांवर घ्या: शून्य, ५०, ७५ आणि १०० टक्क्यांसाठी त्या खेळात वेगवेगळ्या आज्ञा आहेत. चौफेर हॅटवर त्या चार नेमक्या बसतात.

बाजारात काय मिळतं

लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो आपल्याकडे सहज मिळते. १२ बटणं, एक हॅट, पिळणारी मूठ आणि बुडाशी वेगाची छोटी दांडी. चार ॲक्सिस झाले, दोन कमी. मूठ उजव्या हाताच्या आकाराची आहे आणि सहा बटणं बुडावर असल्यानं ती दाबायला डावा हात न्यावा लागतो. आपल्याला हा प्रकार आवडतो की नाही, एवढं पाहायला ती पुरेशी.

थ्रस्टमास्टरच्या टी.१६०००एम काठीला टीडब्ल्यूसीएस थ्रॉटलची जोड असलेला संच पाहा. काठीचे पिच, रोल, यॉ असे तीन; थ्रॉटलचा एक; आणि थ्रॉटलवर छोटी काडीही आहे, तिचे दोन. सहाच्या सहा झाले, पायांत पेडल न घेता. हा थ्रॉटल गोल फिरत नाही, रुळावर सरळ सरकतो. घर्षण फार वाटलं तर खालचा स्क्रू थोडा सैल करा. हीच काठी डाव्या हातालाही चालते, मुठीचे काही भाग उलट बाजूचे लावता येतात. म्हणून कंपनी दोन काठ्यांची जोडीही विकते.

त्यावरची पायरी व्हीकेबी कंपनीची ग्लॅडिएटर एनएक्सटी ईव्हीओ. डाव्या आणि उजव्या हाताची वेगळी मूठ, स्पर्शाविना चालणारे सेन्सर, बदलता येणाऱ्या स्प्रिंगा. डाव्या काठीला ओम्नी थ्रॉटल नावाचा जोड लावला की मूठ पुढे कलते आणि मनगट थ्रॉटल धरल्यासारखं बसतं. लढाऊ होसाससाठी सध्या याहून सुटसुटीत सुरुवात नाही.

महाग म्हणजे योग्य असं मात्र समजू नका. थ्रस्टमास्टरचा वॉर्टहॉग धातूचा, वजनदार, ए-१० विमानाच्या कॉकपिटबरहुकूम केलेला. पण त्याची काठी पिळत नाही. म्हणजे यॉसाठी पेडल घ्या किंवा थ्रॉटलवर जुगाड करा. आधीच घरात असेल तर वापरा. अंतराळासाठी नवा घेऊ नका.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला पहिली दोन नावं विचारून पाहता येतील. व्हीकेबी किंवा व्हर्पिल या कंपनीची काठी बाहेरून मागवायची असेल तर वस्तूच्या किमतीवर वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी असे तिन्ही धरून बेरीज करा आणि वॉरंटीत परत पाठवायचा खर्च कोणाच्या माथी, ते आधी लिहून घ्या.

आतला सेन्सर

स्वस्त काठीत पोटेंशिओमीटर असतो. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तोच: कार्बनच्या पट्टीवर घासत फिरणारा संपर्क. पट्टी झिजली, धूळ बसली की आकडे उड्या मारतात. हॉल सेन्सरमध्ये चुंबक आणि सेन्सर एकमेकांना शिवत नाहीत, त्यामुळे झीज नाही. पण जाहिरातीत ‘हॉल’ लिहिलेलं असलं तरी कोणत्या ॲक्सिसला आहे ते वाचा. टी.१६०००एममध्ये पिच आणि रोलला हॉल आहे, पिळीला साधा पोटेंशिओमीटर. नेमकी पीळच आधी कुरकुरायला लागते, कारण ‘एलिट’मध्ये यॉ मंद म्हणून ती टोकापर्यंत मुरगळली जाते.

बसवणं

साधारण टेबल ७५ सेंटिमीटर उंच असतं. त्यावर काठी ठेवली की मूठ आणखी वर जाते, खांदा उचललेला राहतो आणि तासाभरात मान धरते. कोपर काटकोनात आणि हात खुर्चीच्या हातावर टेकलेला, अशी मूठ यायला हवी. म्हणजे काठी टेबलाच्या पातळीखाली, मांडीच्या बाजूला. तयार क्लॅम्प महाग पडतात. १८ मिलिमीटर प्लायचा ३० × २० सेंटिमीटरचा तुकडा, दोन सी-क्लॅम्प आणि काठीच्या बुडाला आटे असतील तर खालून स्क्रू, एवढ्यात काम होतं. आटे नसतील तर रुंद वेल्क्रो. सनमायकावर नुसते रबरी चोषक लावून भागवू नका. धूळ आणि दमट हवेत ते ऐन वळणावर सुटतात. आणि प्लाय इतका घट्ट बसवा की काठी टोकाला नेली तरी टेबल हलेल, पाट हलणार नाही.

आल्याबरोबर तपासा

विंडोज आणि आर एकदम दाबून उघडलेल्या चौकटीत जे-ओ-वाय, टिंब, सी-पी-एल असं रोमन अक्षरांत टाइप करा. जोडलेल्या कंट्रोलरांची यादी येते, तिथून प्रॉपर्टीज उघडा.

काठीला हात लावू नका आणि तिची जागा दाखवणारी फुली मध्यावर स्थिर आहे का पाहा. मग काठी हलकेच एका बाजूला नेऊन सोडा, दहा वेळा, चारही दिशांना. दर वेळी ती त्याच बिंदूवर यायला हवी. कडेकडेनं गोल फिरवा. कोपऱ्यात फुली आधीच थांबत असेल तर पूर्ण पल्ला मिळत नाहीये. पीळ अगदी सावकाश फिरवा, मध्ये पट्टी उडी मारते का ते पाहा. उडी दिसली तर त्याच दिवशी बदलून मागा, वापरून नीट होणारा तो दोष नाही.

कंपनीचं स्वतःचं कॅलिब्रेशन सॉफ्टवेअर असेल तर तेच वापरा. त्यावर विंडोजचंही चालवलं की एकावर एक दोन दुरुस्त्या चढतात आणि धडधाकट काठीचा पल्ला बिघडतो. चुकून झालं असेल तर त्याच खिडकीत मूळ स्थितीवर आणायचं बटण आहे.

डेडझोन, म्हणजे मध्याजवळचा दुर्लक्ष केला जाणारा पट्टा, शून्यापासून सुरू करा आणि फुली शांत होईपर्यंत एकेक टक्का वाढवा. हॉल सेन्सरला दोन-तीन टक्के पुरतात. दहाच्या वर जावं लागलं तर दुखणं सेन्सरचं आहे. फ्लाइट असिस्ट चालू असताना मध्यावरची किरकोळ चूक खपून जाते. बंद केल्यावर तीच चूक न थांबणारा जोर बनते आणि हात सोडलेला असतानाही यान आधी हळू, मग वाढत्या वेगानं गरगरायला लागतं. कर्व्ह, म्हणजे काठी किती हलली की यान किती वळावं याचा आलेख, मात्र पहिल्या आठवड्यात सरळच ठेवा. नंतर नेम फारच निसटत असेल तर मध्यभागी थोडा मऊ करा.

तारा आणि बाइंडिंग (कोणतं बटण कशाला, ते लावणं)

दोन काठ्या शक्यतो थेट संगणकाच्या मागच्या यूएसबीत लावा. हब लागलाच तर स्वतःचा ॲडाप्टर असलेला घ्या. वीज कमी पडली की न दाबलेली बटणं दाबली गेल्यासारखी दिसतात. यूएसबी २.० ची तार पाच मीटरच्या पुढे नेऊ नका. कोणती काठी कुठल्या खाचेत, तिथे छोटी चिठ्ठी चिकटवा. ‘स्टार सिटिझन’ काठ्यांना एक-दोन असे क्रमांक देतो आणि खाचा बदलल्या की क्रमांक उलटे होऊ शकतात. मग उजव्या काठीनं यान सरकतं आणि डावीनं वळतं. अगदी एकसारख्या दोन काठ्या घेतल्यास काही खेळांना त्यांतला फरकच कळत नाही, म्हणून कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उपकरणाचं नाव बदलता येतं का ते घेण्याआधी पाहा.

बटणं लावताना रोज लागणाऱ्या गोष्टी मुठीवर ठेवा: दोन ट्रिगर, बूस्ट, समोरचं लक्ष्य निवडणं, आणि इंजिन-शस्त्रं-ढाल यांत वीज वाटायचा एक पूर्ण हॅट. लँडिंग गिअर, मालाचा दरवाजा, दिवे बुडावर किंवा कीबोर्डवर गेले तरी बिघडत नाही. हॅट कमी पडले तर करंगळीखालचं बटण मॉडिफायर करा. ते धरून तोच हॅट दुसरं काम करतो, ‘एलिट’मध्ये असं जोडबटण थेट लावता येतं.

‘एलिट’ सुरू करण्याआधी दोन्ही काठ्या जोडलेल्या आहेत ना ते पाहा. एखादी सापडली नाही तर खेळ तुमची मांडणी बाजूला ठेवून स्वतःची लावतो आणि तासभर बसून केलेलं काम गायब झाल्यासारखं वाटतं. ते गेलेलं नसतं. वापरकर्त्याच्या लोकल ॲपडेटामध्ये फ्रंटिअर डेव्हलपमेंट्सच्या फोल्डरात एलिट डेंजरस, त्यात ऑप्शन्स आणि त्यात बाइंडिंग्ज आहे. तिथली ‘बाइंड्स’ शेपटीची फाइल पेन ड्राइव्हवर टाकून ठेवा आणि दर मोठ्या बदलानंतर तारखेसह नवी प्रत काढा.