डेस्कटॉप युटिलिटी ॲप रिलीज करताय? या चुका टाळा

एकट्याने बनवलेलं ॲप पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या मशीनवर उघडत नाही, तेव्हा दोष बहुतेकदा कोडच्या तर्कात नसतो. डेव्हलपरच्या मशीनवर कंपायलर, रनटाइम आणि ॲडमिनचे हक्क आधीपासूनच असतात, त्यामुळे उणीव लपून राहते.

कोऱ्या मशीनवर चाचणी न करणं

विंडोज प्रो असेल तर विंडोज सँडबॉक्स (बंद केल्यावर पुसलं जाणारं तात्पुरतं, कोरं विंडोज) सुरू करा आणि त्यात फक्त इन्स्टॉलर टाका. सी प्लस प्लसमधल्या ॲपने 'व्हीसीरनटाइम१४० सापडत नाही' अशी तक्रार केली, तर व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रिडिस्ट्रिब्युटेबल (ॲप चालायला लागणाऱ्या फाइल्सचा संच) इन्स्टॉलरमध्ये घालायचं राहिलंय. पण सँडबॉक्समधला युजर ॲडमिन असतो, म्हणून हक्कांच्या चुका तिथे पकडल्या जात नाहीत. त्यासाठी वेगळं स्टँडर्ड खातं बनवा आणि त्याचं नाव मुद्दाम देवनागरीत, मध्ये स्पेस देऊन ठेवा. देवनागरी न सांभाळणारी जुनी ॲन्सी फंक्शन्स वापरली असतील तर फाइलच्या पाथमध्ये प्रश्नचिन्हं दिसतील.

सेटिंग्ज प्रोग्राम फाइल्समध्ये लिहिणं

६४-बिट ॲपला तिथे परवानगी नाकारली जाते. मॅनिफेस्ट (ॲपला कोणते हक्क लागतात वगैरे विंडोजला सांगणारी नोंद) नसलेल्या ३२-बिट ॲपचं तर याहून वाईट: विंडोज ती फाइल गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर या युजरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये वळवतं आणि 'सेटिंग बदललं तरी फाइल जुनीच दिसते' हे कोडं सुटता सुटत नाही. जागा ठरलेल्या आहेत: विंडोजवर ॲपडेटा, मॅकवर ॲप्लिकेशन सपोर्ट. लिहितानाही मूळ फाइलवर थेट लिहू नका. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, मग ती मूळ फाइलच्या जागी आणा. नाहीतर मधेच वीज गेली की अर्धवट फाइल उरते आणि पुढच्या वेळी ॲप उघडतच नाही.

सही करताना टाइमस्टॅम्प विसरणं

डिजिटल सही नसलेली फाइल डाउनलोड केली की विंडोजच्या स्मार्टस्क्रीनचा इशारा येतो, हे बहुतेकांना माहीत असतं. टाइमस्टॅम्पचं (सही केव्हा केली याची नोंद) मात्र राहून जातं. तो नसेल तर सर्टिफिकेटची मुदत संपताच जुन्या रिलीजची सहीही अवैध ठरते. मॅकवर १०.१५ पासून स्टोअरबाहेर वाटलेल्या ॲपला नोटरायझेशन (ॲपलकडून होणारी तपासणी) लागतं. ते झाल्यावर तिकीट (तपासणी झाल्याचा पुरावा) ॲपला स्टेपल करा, म्हणजे इंटरनेट नसतानाही तपासणी पार पडते.

ट्रेमधला आयकॉन गायब होणं

युटिलिटी ॲपमधली ही चूक फार सतावते. टास्कबार दाखवणारा एक्सप्लोरर क्रॅश होऊन परत सुरू झाला की ट्रे (घड्याळाजवळची आयकॉनची जागा) नव्याने तयार होतो. ॲप चालूच असतं, पण आयकॉन नसल्याने ते बंदही करता येत नाही. उपाय सोपा आहे: 'टास्कबारक्रिएटेड' हा संदेश नोंदवून ऐका आणि तो आला की आयकॉन पुन्हा जोडा.

खिडकीची जागा लक्षात ठेवत असाल तर उघडताना ती सध्या जोडलेल्या एखाद्या मॉनिटरवर येते का, हेही तपासा. दुसरा मॉनिटर काढला की खिडकी पडद्याबाहेर उघडते. १५०% स्केलिंगवर अक्षरं धूसर दिसत असतील, तर मॅनिफेस्टमध्ये पर-मॉनिटर व्ही२ (प्रत्येक मॉनिटरचं स्केलिंग वेगळं हाताळण्याची सोय) जाहीर करा. मग एक मॉनिटर १००% वर आणि दुसरा १५०% वर ठेवून खिडकी इकडून तिकडे ओढून पाहा.

अपडेट तपासताना आवृत्ती मजकूर म्हणून ताडू नका. मजकुराच्या हिशेबाने १.१० ही १.९ पेक्षा लहान ठरते, आणि दहावं अपडेट कुणालाच मिळत नाही. अनइन्स्टॉल करताना आपोआप सुरू होण्याची रजिस्ट्रीतली नोंद काढून टाका, पण युजरच्या सेटिंग्ज त्याला विचारल्याशिवाय पुसू नका.