पाणवठ्यावर बसण्यापूर्वी वासाची तयारी

वन्यजीव संरक्षण कायद्याने १९७२ पासून हरणाच्या शिकारीला आळा घातला, पण जुन्या शिकाऱ्यांना असलेली वाऱ्याची जाण दुर्बीण किंवा कॅमेरा घेऊन मचाणावर बसणाऱ्याला आजही तितकीच लागते. एप्रिल-मे महिन्यांत ओहोळ आटून पाणी मोजक्या कोंडींपुरते उरते, तेव्हा गोव्यातील खोतीगाव, मोले किंवा नेत्रावळीच्या रानात मेरू, म्हणजे सांबर, संधिप्रकाशात पाण्यावर उतरते. माणूस हलला नाही तर ते पुष्कळदा त्याच्याकडे लक्ष देत नाही, मात्र त्याचा वास आला की क्षणभरही थांबत नाही. म्हणून वन खात्याची परवानगी हाती आली की तयारीला आठवडाभर आधी लागावे.

सुरुवात कपड्यांपासून करावी. बाजारातील बहुतेक धुण्याच्या पावडरींना उग्र सुवास असतो, तेव्हा मचाणावर घालायचे कपडे पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून त्यात भिजवावेत, दोनदा स्वच्छ पाण्यात खळबळून काढावेत आणि उन्हात वाळवावेत. वाळवण्याची दोरी मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीखाली किंवा न्हाणीच्या चुलीजवळ नसावी, कारण आपल्याकडे दुपारी तळलेल्या बांगड्याचा वास संध्याकाळपर्यंत कपड्यांत मुरलेला असतो. पॉलिएस्टरच्या कपड्यांत घामातील तेलकट अंश अडकून राहतो आणि दुर्गंधी लवकर धरते, त्यामुळे उकाड्यात सुती कपडेच बरे. वाळलेले कपडे झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवावेत, डांबराच्या गोळ्या असलेल्या कपाटात नव्हे, आणि ते घरून घालून न निघता अभयारण्याच्या फाटकाशी पोहोचल्यावर बदलावेत, म्हणजे गाडीतल्या सुगंधी डबीचा व पेट्रोलचा वास त्यांना लागत नाही.

ताज्या घामाला स्वतःचा वास फारसा नसतो. काखेतले जिवाणू त्यावर वाढले की तो येऊ लागतो. म्हणून निघण्यापूर्वी बिनवासाच्या साबणाने आंघोळ करावी आणि केसांना खोबरेल, अंगाला पावडर किंवा अत्तर लावू नये. मैत्रिणी बरोबर असतील, तर अबोली चालेल पण मोगऱ्याचा गजरा घरीच राहू द्यावा. विडी-सिगारेट आणि फेणी यांबद्दल वेगळे सांगायला नकोच. जेवणाबाबत मी स्वतः चुकलो आहे. एकदा डब्यात सुंगटांचे किसमूर, म्हणजे सुक्या कोळंबीची कोशिंबीर, नेले होते, संध्याकाळी पिशवी थोडीशी उघडली आणि पाण्यापासून वीसेक पावलांवर आलेली मेरूची मादी जागीच थबकली. तिने नाक वर केले, कान पुढे वळवले, पुढचा एक पाय उचलून दोनदा जमिनीवर आपटला आणि ‘ढांक’ असा एकच आवाज काढून ती झाडीत शिरली. त्या रात्री तिथे दुसरे काही आले नाही. तेव्हापासून मी उकडलेली रताळी आणि पाणी एवढेच नेतो.

एका बाबतीत मात्र वासाचा विचार बाजूला ठेवावा. सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो रोग गोचिडांमुळे पसरतो. त्यामुळे गोचीड टाळण्याचे औषध वास येतो म्हणून न लावणे हा वेडेपणा होय. औषध लावावे, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूची जागा निवडून ती उणीव भरून काढावी. पायांत रबरी बूट असल्यास वाटेवर वास कमी उतरतो, पण ते पेट्रोलपंपावर घालू नयेत. पानांचा रस अंगाला चोळण्याचा सल्लाही ऐकू येतो. अभयारण्यात पाने तोडण्यास मनाई आहे आणि त्याने माणसाचा वास झाकत नाही, त्यात आणखी एका वासाची भर पडते एवढेच.

सर्वांत जास्त वेळ वाऱ्यासाठी राखावा, कारण आतापर्यंतच्या सगळ्या खटाटोपाने वास कमी होतो, नाहीसा होत नाही. दुपारी समुद्राकडून येणारा वारा घाटाकडे वाहतो आणि तापलेल्या उतारावरची हवाही वर चढते. ऊन उतरल्यावर तीच हवा थंड होऊन उतारावरून खाली, ओहोळाच्या दिशेने सरकू लागते. दुपारी चार वाजता योग्य वाटलेली उतारावरची बैठक त्यामुळे सहा-साडेसहाला उलटते आणि आपला वास सरळ पाण्याकडे जातो. निवड हातात असल्यास संध्याकाळसाठी पाण्याच्या खालच्या अंगाला बसावे. मचाण ठरलेले असेल, तर उन्हाळ्यात फुटलेल्या सावरीच्या बोंडातला कापूस गावातूनच खिशात घालून न्यावा आणि दर पंधरा मिनिटांनी त्याचा एक तंतू सोडून तो कुठे जातो ते पाहावे. त्याला वास नसतो आणि अगदी मंद झुळूकही तो दाखवतो. तंतू पाण्याच्या दिशेने तरंगत गेला, तर पिशवी आवळून बांधावी, घाम टिपलेला रुमाल डब्यात बंद करावा आणि वारा फिरेपर्यंत जागेवरून उठू नये.