कबड्डी संघातले गट आणि मोबाइलवरची भांडणे प्रशिक्षकाने कशी हाताळावीत

शालेय कबड्डीच्या बारा जणींच्या संघात सात जणी मैदानात उतरतात आणि पाच राखीव राहतात. सतरा वर्षांखालील मुलींच्या संघात जी भांडणे होतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या साध्या हिशोबात असते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी स्पर्धांची चढण, त्यावर अवलंबून असलेले दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि घरी जेवताना पालकांनी बोलून दाखवलेली नाराजी हे सगळे त्या सात नावांभोवती साचत जाते आणि एखाद्या रात्री इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर उमटते. त्यामुळे मोबाइल जप्त करून फारसे काही साधत नाही. जे मैदानावर बिघडले आहे, ते आधी मैदानावरच दुरुस्त करावे लागते.

आधी गट ओळखा

एकाच गावाहून एकाच एसटीने येणाऱ्या तिघी सरावाच्या आधी एकत्र बसल्या, तर त्याला गटबाजी म्हणू नये. तिथे चौथी येऊन बसू लागली आणि बोलणे थांबले, किंवा तिला वगळून दुसरा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, की गट तयार झाला असे समजावे. याची सर्वांत खात्रीची खूण बचावात दिसते. डावा कोपरा आणि त्याच्या शेजारची खेळाडू हातात हात घालून साखळी धरतात. त्या दोघींत अबोला असेल, तर पकड बोटांवर येते, कोपऱ्यावरची मुलगी चढाईपटूच्या घोट्यावर झेपावते आणि शेजारची मदतीला क्षणभर उशिरा पोहोचते. प्रशिक्षक याला तंत्रातला दोष समजून पकडीचा सराव वाढवतो आणि दोघी आणखी चिडतात. अशा वेळी आठवडाभर नुसते पाहावे: जोड्या कोण कोणाशी लावते, पाण्याची बाटली कोणाकडे जाते, सामन्याच्या फोटोत कोणाला टॅग केले जाते आणि कोणाला कापून टाकले जाते.

एक अधिकृत ग्रुप, थोडे नियम

संघाचा एकच अधिकृत व्हॉट्सॲप ग्रुप असावा आणि त्यात प्रशिक्षकाशिवाय आणखी एक जबाबदार प्रौढ व्यक्ती असावी. संदेश फक्त ॲडमिनला पाठवता येतील अशी सोय सेटिंगमध्ये असते. ती चालू ठेवावी. सरावाची वेळ, गणवेश, बसची वेळ, बोनाफाइड आणि आधारच्या प्रती कधी आणायच्या, एवढ्याच गोष्टी तिथे याव्यात. शाबासकी आणि खरडपट्टी दोन्ही समोरासमोर द्यावी. प्रशिक्षकाने कोणत्याही मुलीशी रात्री वैयक्तिक चॅट करू नये. तसा प्रसंग आलाच, तर तो संदेश तिच्या पालकांनाही पाठवावा.

बाकीचे नियम पहिल्या आठवड्यात मुलींबरोबर बसून ठरवावेत आणि एका कागदात संपवावेत. सहकारी खेळाडूचा फोटो किंवा सरावात पडतानाचा व्हिडिओ तिला विचारल्याशिवाय टाकायचा नाही. निवडीविषयी स्टोरी लिहायची नाही, नाव न घेताही नाही. सामना हरल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत काहीही पोस्ट करायचे नाही. मुलींनी आपापसांत खासगी ग्रुप काढण्यावर बंदी घालण्याच्या भानगडीत पडू नये, कारण ती पाळली जात नाही आणि मग उरलेले नियमही कोणी मनावर घेत नाही.

निवड तोंडाने सांगा

सर्वांत जास्त धुसफूस रात्री नऊ वाजता ग्रुपवर पडणाऱ्या यादीमुळे होते. ज्यांचे नाव नाही, त्यांना ते एकटीने, घरी, मोबाइलच्या पडद्यावर कळते आणि पाच मिनिटांत त्याचे स्क्रीनशॉट फिरू लागतात. त्याऐवजी यादी सरावानंतर मैदानावर वाचून दाखवावी, आणि त्याआधी वगळलेल्या प्रत्येकीला बाजूला घेऊन कारण सांगावे. कारण मोजता येईल असे असावे: तिसऱ्या चढाईच्या (आधीच्या दोन चढाया गुणाविना गेल्यावर जिच्यात गुण मिळवावाच लागतो) दडपणात तू रेषेकडे लवकर परततेस, उजव्या कोपऱ्यावर तुझा पाय मागे राहतो, गेल्या महिन्यात तुझे इतके सराव बुडाले. ‘अजून मेहनत कर’ हे कारण नव्हे. ते ऐकून मुलगी थेट वशिल्याच्या निष्कर्षावर पोहोचते. निवड चाचणीत चढाया, बोनस (बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून चढाईपटूला मिळणारा गुण) आणि यशस्वी पकडी यांची नोंद वहीत ठेवली असेल, तर हे बोलणे बरेच सोपे जाते.

स्टोरी पडल्यावर काय करावे

समजा, रात्री एकीने स्टोरी टाकली: “बोनस घेता येत नाही, पण सातमध्ये नाव येतं. वशिला असला की सगळं जमतं.” नाव कुठेही नाही, पण संघातल्या प्रत्येकीला ते माहीत आहे. स्टोरी चोवीस तासांत नाहीशी होते, म्हणून जिने ती दाखवली तिच्याकडून स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा आणि तो पुढे कोणालाही पाठवू नये. ग्रुपवर त्याविषयी एक अक्षरही लिहू नये. ‘काही मुलींना शिस्त नाही’ असा मोघम संदेश तर मुळीच नको, कारण तीही नाव न घेता टाकलेली स्टोरीच झाली.

दुसऱ्या दिवशी आधी जिच्यावर रोख होता तिच्याशी बोलावे आणि तिला काय हवे आहे ते विचारावे. नंतर लिहिणारीला एकटीला भेटावे, मात्र चारचौघांच्या नजरेसमोर, मैदानाच्या कडेला. “का लिहिलंस?” असे विचारले, की कारणांची यादी मिळते. “हे कोणासाठी लिहिलंस?” असे विचारावे. बहुधा उत्तर येते, “कोणासाठीच नाही सर, असंच.” त्यावर आवाज न चढवता सांगावे, “वाचणाऱ्या सगळ्यांना एकच नाव सुचलं आणि ते तुलाही ठाऊक आहे. निवड मी केली आहे. राग असेल तर तो माझ्यावर काढ, आणि तोंडावर सांग.” यानंतर तिचे खरे गाऱ्हाणे बाहेर येते, आणि ते कधी कधी रास्तही असते.

स्टोरी लगेच काढायला लावावी. सर्वांसमोर माफी मागायला लावणे मला पटत नाही. त्यातून पुढच्या स्टोरीचा मजकूर तयार होतो. दोघींना एकत्र बसवायचे ते दुखावलेली मुलगी तयार असेल तरच. शिक्षा ठरलेल्या कागदाप्रमाणे व्हावी, उदाहरणार्थ एका सराव सामन्यात बाहेर बसणे, आणि ती संघाच्या सर्वांत चांगल्या चढाईपटूलाही तशीच व्हावी. तिला एकदा सूट दिली, की नियमांचा कागद फाडल्यातच जमा आहे.

जोड्या बदलत राहा

सरावातल्या जोड्या दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात आणि साखळीत दोन गटांतल्या मुली मुद्दाम शेजारी ठेवाव्यात. एकत्र पकड यशस्वी झाली की बोलणे आपोआप सुरू होते. ‘आता मैत्री करा’ असे सांगून ते होत नाही. राखीव मुलींना खरे काम द्यावे: कोणी चढाईचे तीस सेकंद मोजावेत, कोणी गुणलेखन करावे, कोणी प्रतिस्पर्धी चढाईपटू कोणत्या बाजूने बोनस घेते ते टिपावे.

पालकांचा ग्रुप हा वेगळाच ताप असतो आणि अनेकदा मुलींचे भांडण तिथूनच आलेले असते. सामन्याच्या दिवशी निवडीवर चर्चा होणार नाही, दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष भेटावे, एवढे हंगामाच्या सुरुवातीलाच सांगून टाकावे.

संघाबाहेर न्यायची प्रकरणे

धमकी, खासगी किंवा बदललेले फोटो, अनोळखी प्रौढाचे संदेश, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा, यांपैकी काहीही दिसले तर ते संघाच्या शिस्तीत मिटवू नये. पालकांना आणि मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगावे. मुलीचे आक्षेपार्ह चित्र पुरावा म्हणूनही आपल्या मोबाइलवर घेऊ नये. लैंगिक स्वरूपाचा गुन्हा असल्यास पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी 1098 आहे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

हंगाम संपला की अधिकृत ग्रुप बंद करावा आणि पुढच्या वर्षी नव्या निवडीनंतर नवा काढावा. जुना तसाच चालू राहिला, तर वगळलेल्या मुलींना एकेक करून काढावे लागते, आणि ‘अमुक व्यक्तीला काढले’ ही ओळ सगळ्यांच्या पडद्यावर दिसते.