घरात नेट नसताना संगणकात सॉफ्टवेअर कसं टाकायचं

अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे डोंगराकडच्या वाड्यांमध्ये मी शाळांचे आणि घरचे संगणक लावून देते. इथे घरात नेट नाही आणि मोबाईलला रेंज मिळते ती टेकाडावर. पूर्वी संगणकाच्या मासिकांबरोबर सीडी यायची. उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवाले तर मागेल त्याला पोस्टाने फुकट सीडी पाठवायचे. ती सोय 2011 साली बंद झाली. आता सगळीकडे एकच उत्तर: डाउनलोड करा. नेट नसलेल्या माणसाचा विचारच कुणी करत नाही, याचा मला मनापासून राग येतो. पण काम अडून चालत नाही.

डाउनलोड करायला तालुक्याला जायच्या आधी मशीनसमोर बसा. सेटिंग्जमध्ये सिस्टम, तिथे अबाउट उघडा आणि कागदावर लिहून घ्या: विंडोज कोणती, 32 बिट की 64, रॅम किती. डिस्कवर मोकळी जागा किती तेही बघा. 64 बिटची फाईल 32 बिटच्या विंडोजवर चालत नाही, आणि हे घरी परतल्यावर कळलं तर एसटीचं भाडं वाया.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पुढच्या पायरीला. वेबसाईटवरचं मोठं बटण दाबलं की अनेकदा सॉफ्टवेअर येतच नाही, ते नेटवरून ओढून आणणारी छोटी फाईल तेवढी येते. एक गुरुजी शाळेसाठी क्रोम घेऊन आले होते. पेन ड्राइव्ह लावला, डबल क्लिक केलं, खिडकी उघडली, आणि नेट जोडा म्हणून निरोप आला. फाईल बघितली तर जेमतेम काही एमबीची. क्रोमची पूर्ण फाईल शंभर एमबीच्या वर असते. म्हणून डाउनलोड झाल्यावर आधी आकार बघा, आणि शोधतानाच नावापुढे 'ऑफलाइन इन्स्टॉलर' किंवा 'स्टँडअलोन' लिहा. फाईल बनवणाऱ्याच्याच साईटवरून घ्या. बाकीच्या साईट्स सोबत नको ते चिकटवून देतात. लिबरऑफिस, म्हणजे पत्रं-तक्ते करायचं मोफत सॉफ्टवेअर, या बाबतीत चांगलं आहे. सुमारे साडेतीनशे एमबीची एकच फाईल, सगळं त्यात. फक्त मदतीची पानं वेगळी डाउनलोड करावी लागतात. तीही आणाच, नाहीतर एफ-1 दाबलं की ते नेटवरचं पान शोधायला धावतं.

फाईल मोबाईलवर उतरवून केबलने संगणकात घेतली तरी चालते. पण हिशेब करा. रोजचा दीड जीबी संपला की बऱ्याच पॅकमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो, आणि त्या वेगाने एक जीबी उतरायला दीड दिवस लागतो. विंडोजची आयएसओ, म्हणजे अख्ख्या इन्स्टॉल डिस्कची एकच फाईल, पाच जीबीच्या वर असते; तिच्यासाठी कुणाच्या तरी वायफायवरच बसावं लागतं. उबुंटू, लिबरऑफिस यांचे अधिकृत टोरंट, म्हणजे तुकड्यातुकड्याने उतरणारे डाउनलोड, असतात. ते तुटले तरी तिथूनच पुढे सुरू होतात, शिवाय फाईल नीट उतरली का हेही स्वतःच तपासतात. मोठ्या फाईलसाठी पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, कारण फॅट32 वर चार जीबीच्या वरची फाईल बसतच नाही.

पूर्ण फाईल आणूनही काही वेळा अडतं. हिशेबाची जुनी सॉफ्टवेअर्स चालायला विंडोजचा डॉट नेट 3.5 हा जादा भाग मागतात आणि विंडोज ते नेटवरून आणायला निघते. ते विंडोजच्या आयएसओत असतं, 'सोर्सेस' फोल्डरच्या आतल्या 'एसएक्सएस'मध्ये. विंडोजचे असे भाग बसवणाऱ्या डीआयएसएम कमांडला स्रोत म्हणून तेच फोल्डर द्या. मात्र आयएसओ मशीनवरच्याच आवृत्तीची हवी. मराठीच्या मंगल फॉन्टचंही असंच. विंडोज 10 पासून तो वेगळा उतरवायच्या फॉन्टमध्ये गेला आहे. नव्या मशीनवर जुनी मराठी पत्रं निर्मला या दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडतात, वाचता येतात, पण ओळी सरकतात आणि शाळेचे दाखले एका पानावर मावत नाहीत.

महिन्याच्या वर्गणीची सॉफ्टवेअर्स अशा घरासाठी घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगते. अडोबीची (फोटोशॉप वगैरे) बहुतेक आता वर्गणीवरच मिळतात, आणि परवाना तपासायला त्यांना अधूनमधून नेट लागतं. फोटोच्या कामाला गिंप हे मोफत सॉफ्टवेअर टाकून घ्या. त्याला परवान्याची तपासणी नाही आणि तीच फाईल शेजारच्या वाडीत द्यायलाही मोकळीक आहे.

शेवटी संरक्षण. नेट नसलं तरी पेन ड्राइव्ह फिरतो आणि त्यातून व्हायरस येतो. विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसच्या अपडेटची वेगळी फाईल मायक्रोसॉफ्टच्या साईटवर असते. बाजाराला जाल तेव्हा ती उतरवून आणा, डबल क्लिक करा, आणि तारीख मशीनवर चिकटवलेल्या कागदावर लिहा. पुढच्या माणसाला मग विचारत बसावं लागत नाही.