सह्याद्रीत कीटक-सापळ्यांचे जाळे उभारताना आणि वर्षभर चालवताना

उडणाऱ्या कीटकांची नोंद घेण्यासाठी तंबूच्या आकाराचा जो जाळीदार सापळा जगभर वापरतात, तो स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ रेने मॅलेझ यांच्या नावाने ओळखला जातो. तंबूत शिरलेले कीटक बाहेर पडण्यासाठी खाली न येता वरच्या, उजेडाच्या कोपऱ्याकडे सरकतात, हे त्यांनी पाहिले आणि त्या सवयीवर सापळा बेतला. १९३०च्या दशकात ब्रह्मदेशातील मोहिमेत त्यांनी तो वापरला आणि १९३७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. असा एक सापळा उभा करणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. सहा ठिकाणी बारा सापळे, पावसाळ्यासह वर्षभर, एकाच पद्धतीने चालू ठेवणे हे मात्र अगदी निराळे काम आहे, आणि पुढचे सर्व विवेचन त्या दुसऱ्या कामाविषयी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘या आठवड्यात कीटक आले नाहीत’ आणि ‘या आठवड्यात सापळा पडलेला होता’ या दोन पूर्णपणे वेगळ्या नोंदी आहेत. तक्त्यात दोन्ही ठिकाणी शून्य लिहिले गेले, तर वर्षअखेरीस त्या शून्याचा अर्थ कोणालाही लावता येत नाही आणि एका ठिकाणची चूक बाकीच्या ठिकाणांच्या तुलनेलाही नासवते. जाळ्याची आखणी, माणसांची निवड, वहीतील रकाने, सामानाची खरेदी, हे सगळे निर्णय हा फरक जपला जाईल अशा रीतीने घ्यावेत.

ठिकाणांची निवड

सह्याद्रीत पावसाचे प्रमाण फार थोड्या अंतरात बदलते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर घाट उतरून पस्तीसेक किलोमीटरवर असलेल्या वाईत तो हजार मिलिमीटरही होत नाही. म्हणून ठिकाणे नकाशावर समान अंतराने न टाकता कोकणचा पायथा, घाटमाथा आणि पूर्वेकडील पर्जन्यछायेचा प्रदेश अशा आडव्या पट्ट्यात निवडावीत, आणि प्रत्येक पट्ट्यात किमान दोन ठिकाणे ठेवावीत. एकच ठिकाण असेल, तर दिसलेला फरक पट्ट्याचा की त्या एका जागेचा, हे सांगता येत नाही. प्रत्येक ठिकाणी दोन सापळे असावेत, म्हणजे एक फाटला तरी त्या आठवड्याची नोंद पूर्ण बुडत नाही.

ठिकाण निवडताना जंगल किती चांगले आहे यापेक्षा तिथे भर आषाढात माणूस पायी पोचू शकतो का, हा प्रश्न आधी विचारावा. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा ओढा जुलैमध्ये चार-चार दिवस उतरत नाही. पाहणी मे महिन्यात करून ठिकाण पक्के करणे ही सर्वांत महागात पडणारी घाई आहे. शक्य असेल तर मागचा पावसाळा पाहिलेल्या गावकऱ्याबरोबर ती वाट चालून घ्यावी आणि पाणी कुठवर चढते ते त्यालाच दाखवायला सांगावे.

परवानग्यांना काही महिने लागतात, हे गृहीत धरावे. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल, तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी हवी. देवराई असेल, तर गावाची संमती कागदाआधी तोंडी आणि मनापासून मिळालेली हवी, आणि देवस्थानच्या मंडळींनी अमुक जागा नको म्हटले तर ती जागा सोडून द्यावी. परदेशी संस्थेला नमुने पाठवण्याचा विचार असल्यास चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी पत्रव्यवहार पहिला सापळा लावण्यापूर्वी सुरू करावा, नमुने जमल्यानंतर नव्हे.

सापळा मांडण्याची रीत

सर्व सापळे एकाच बनावटीचे, एकाच मापाचे आणि एकाच रंगाचे घ्यावेत. बहुतेक ठिकाणी काळी मधली भिंत आणि पांढरे छत असा प्रकार वापरला जातो. एका ठिकाणी बाजारात मिळाला तो आणि दुसऱ्या ठिकाणी शिंप्याकडून शिवून घेतलेला, असे करू नये. शिवून घ्यायचेच असतील, तर सगळेच एका शिंप्याकडून, एकाच ठाणातल्या कापडाचे घ्यावेत.

सापळ्याची भिंत कीटकांच्या उडण्याच्या वाटेला आडवी यावी. रानातली पायवाट, झाडोऱ्यातली मोकळी फट, ओढ्याचा काठ, जंगल आणि गवताळ माळ यांची सीमा, या जागा सहसा चांगल्या ठरतात. छताच्या वरच्या कोपऱ्याला कीटक जमा होणारी बाटली जोडलेली असते; तिचे तोंड उजेडाच्या बाजूला हवे. युरोपातील सूचनापत्रांत ते दक्षिणेला ठेवावे असे लिहिलेले असते आणि तिथे ते बरोबरही आहे. परंतु आपल्याकडे मे महिन्यातील शून्य सावलीच्या दिवसानंतर सुमारे अडीच ते तीन महिने भरदुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. त्यामुळे कंपासपेक्षा झाडांच्या छताकडे पाहावे, मोकळे आभाळ जिकडे आहे तिकडे बाटली करावी, आणि एकदा ठरवलेली दिशा अंशांत लिहून ठेवून पुढे ती कधीही बदलू नये. सापळा पडल्यावर पुन्हा उभा करणाऱ्याला तीच दिशा साधावी म्हणून चारही खुंट्यांच्या जागी दगड पुरून ठेवणे हा साधा आणि भरवशाचा उपाय आहे.

भिंतीची खालची कड जमिनीला टेकलेली असावी आणि छताला बाटलीकडे सलग चढ असावा. कापड सैल पडून मध्ये झोळ आला की कीटक तिथेच अडकून मरतात. दर भेटीत दोऱ्या ताणाव्यात, कोळ्यांची जाळी काढावीत आणि भिंतीला टेकणारे गवत कापावे. ओंबील, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्या, दोरीवरून थेट बाटलीपर्यंत पोचतात आणि तोंडाशी आलेले कीटक पळवतात. दोऱ्यांवर वीतभर लांबीचा ग्रीसचा पट्टा लावला, तर त्यांना आळा बसतो. गवे आणि गुरे दोऱ्यांना अंग घासतात, माकडे बाटली ओढून पाहतात. यावर पूर्ण उपाय नाही. गुरांच्या वहिवाटीची वाट टाळावी आणि प्रत्येक ठिकाणी एक जादा सापळा घडी करून ठेवावा.

स्पिरिटचा हिशेब

बाटलीत ९५ टक्के इथेनॉल घालावे, म्हणजे पुढे डीएनए तपासणीचा मार्ग मोकळा राहतो. बारा सापळे आणि आठवड्याला एक बाटली म्हटली की वर्षाला ६२४ बाटल्या होतात. अर्ध्या लिटरची बाटली दोन-तृतीयांश भरली, तरी दोनशे लिटरच्या वर इथेनॉल रानात जाते. आणलेल्या प्रत्येक नमुन्यातील स्पिरिट एकदा बदलावे लागते, कारण कीटकांच्या अंगातील पाणी आणि पावसाची वाफ यांमुळे ते पातळ झालेले असते. म्हणजे चारशे लिटरहून अधिकची तरतूद हवी. इतका साठा करण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि तो संस्थेच्या नावाने असावा. हा द्रव ज्वालाग्राही आहे. एसटीतून किंवा कुरिअरने तो पाठवता येत नाही, हे विसरून केलेले वेळापत्रक पहिल्याच महिन्यात कोसळते. दर पंधरा दिवसांनी गाडीची एक फेरी अंदाजपत्रकात धरावी.

उन्हाळ्यात कोरड्या पट्ट्यात बाटलीतील पातळी आठवड्यात बरीच खाली येते. तिथे बाटली भरतानाची आणि काढतानाची पातळी बाहेरून खुणावी. पातळी तळाला गेलेली आढळली, तर नमुना फेकू नये. तो ठेवावा आणि वहीत तसे लिहावे.

सापळा सांभाळणारी माणसे

जाळे चालते ते दर आठवड्याला बाटली बदलणाऱ्या माणसाच्या जोरावर. शहरातून दर शनिवारी कोणी तरी येईल ही व्यवस्था पावसाळ्यात टिकत नाही. त्या-त्या गावातील, रानाची सवय असलेली दोन माणसे प्रत्येक ठिकाणासाठी हवीत. दोनच का, तर एकाच्या घरी लग्न असते, दुखणे असते, भातलावणी असते. भातलावणीच्या दिवसांत वार सांभाळणे कोणालाही कठीण जाते. म्हणून बदलाचा वार ठरवताना आठवडी बाजाराचा दिवस टाळावा आणि लावणीच्या काळात दुसऱ्या माणसाची पाळी आधीच ठरवून ठेवावी.

मानधन महिन्याच्या ठरलेल्या तारखेला आणि ठरलेले द्यावे. ते बाटलीतील कीटकांच्या संख्येवर कधीही अवलंबून ठेवू नये. हे मला फार महत्त्वाचे वाटते. एका जाळ्यात मी काम करत असताना भरलेल्या बाटलीचे कौतुक आणि रिकाम्या बाटलीबद्दल नाराजी असे आमच्याकडून नकळत होऊ लागले होते. त्याचा परिणाम असा झाला की पडलेल्या सापळ्याची बातमी आमच्यापर्यंत येईनाशी झाली. दोष गावकऱ्यांचा नव्हता. आम्ही प्रश्न चुकीचा विचारत होतो. त्यानंतर आम्ही ‘किती आले?’ ऐवजी ‘सापळा कसा होता?’ हा प्रश्न पहिला ठेवला, आणि सापळा पडल्याची बातमी त्याच दिवशी कळवणाऱ्याचे मनापासून आभार मानू लागलो. नोंदी सुधारल्या त्या तिथून.

शिकवताना कागदावरच्या सूचना पुरेशा नाहीत. प्रत्येकाने आपल्या हाताने सापळा पाडून पुन्हा उभा करावा, बाटली तीनदा बदलावी, आणि नंतर पहिले चार आठवडे कोणी तरी अनुभवी माणूस बरोबर असावा. कोणता कीटक काय आहे हे समजून घेण्याची ओढ बहुतेकांना असते. त्यांना भिंग द्यावे, नमुने दाखवावेत, आणि त्यांच्याकडची नावे विचारून लिहून घ्यावीत.

चिठ्ठी आणि वही

प्रत्येक बाटलीच्या आत एक चिठ्ठी असलीच पाहिजे. जाड कागदावर, शिसपेन्सिलीने लिहिलेली. बॉलपेनची आणि मार्करची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. बाटलीच्या बाहेर मार्करने लिहिलेले तर एका ओघळाने पुसले जाते. चिठ्ठीवर सापळ्याचा क्रमांक, ठिकाण, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, बाटली लावल्याची तारीख, काढल्याची तारीख आणि काढणाऱ्याचे नाव असावे. क्रमांक, ठिकाण आणि अक्षांश-रेखांश आधीच छापून घेतले, तर चुका कमी होतात. अशा छपाईची शाई स्पिरिटमध्ये टिकते का, हे चिठ्ठी महिनाभर भिजवून आधी पाहावे. महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे, कारण ५-६ म्हणजे पाच जून की सहा मे हा वाद दोन वर्षांनी सुटत नाही.

वहीत दर भेटीला एक ओळ भरायची आणि तिच्यात एक रकाना केवळ सापळ्याच्या अवस्थेचा ठेवायचा: उभा, झुकलेला, फाटलेला, पडलेला, बाटली नाही. पडलेला असेल, तर शेवटचा कधी उभा पाहिला तेही लिहावे, म्हणजे सात दिवसांपैकी निदान किती दिवस सापळा खरोखर चालू होता हे कळते. भेट झालीच नाही, तर ओळ रिकामी न सोडता ‘भेट नाही’ असे लिहावे आणि कारण द्यावे. वहीच्या पानांचे छायाचित्र दर आठवड्याला पाठवून घ्यावे. जिथे मोबाइलला रेंज नाही, तिथे गाडीच्या फेरीत ते काढावे.

पावसाळा

मृगाच्या आधी, वळवाच्या पहिल्या सरींनंतर कीटकांची संख्या एकदम वाढते आणि बाटल्या तोंडापर्यंत भरतात. या तीन-चार आठवड्यांसाठी मोठ्या बाटल्या सर्व ठिकाणी एकाच दिवसापासून लावाव्यात. फक्त जिथे गरज भासली तिथेच लावल्या, तर तुलना बिघडते. जून उजाडण्यापूर्वी सर्व दोऱ्या नव्या घालाव्यात, कारण उन्हाने कुजलेली नायलॉनची दोरी पहिल्या वादळात तुटते. घाटमाथ्यावर जुलैत कापडावर बुरशी आणि शेवाळ चढते. ते मऊ ओल्या फडक्याने पुसावे, साबण लावू नये. बाटलीच्या सांध्यातून पाणी शिरत असेल, तर वर प्लास्टिकची टोपी घालावी, मात्र ती पारदर्शक असावी. अपारदर्शक टोपीने उजेड अडतो आणि कीटक बाटलीकडे वळतच नाहीत.

ओढा उतरत नसेल, तर जाऊ नये. हा नियम लेखी द्यावा आणि चुकलेल्या फेरीचे पैसे कापू नयेत.

नमुने आल्यानंतर

आलेल्या दिवशीच चिठ्ठी आणि वही ताडून पाहावी, स्पिरिट बदलावे आणि बाटल्या थंड, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. डीएनएसाठी उणे २० अंश सेल्सिअसचा फ्रीझर उत्तम. सर्व नमुन्यांचे किमान ओले वजन तरी घ्यावे. बारीक चाळणीवर नमुना निथळू द्यावा, आणि पडणाऱ्या दोन थेंबांमधील अंतर दहा सेकंदांहून अधिक झाले की वजन करावे. जर्मनीतील संरक्षित क्षेत्रांमधल्या उडत्या कीटकांचे वजन २७ वर्षांत सुमारे तीन-चतुर्थांशाने घटल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले, ते अशाच सापळ्यांच्या आणि अशाच साध्या वजनांच्या आधारे. उष्णकटिबंधात इतक्या लांब पल्ल्याच्या नोंदी फारच थोड्या आहेत.

वर्गीकरणाला अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो. माश्या-चिलटांचा वर्ग, गांधीलमाश्या-मधमाश्या-मुंग्यांचा वर्ग, भुंगेरे, पतंग-फुलपाखरे, तुडतुडे आणि बाकीचे, एवढी पहिली विभागणी करतानाच एका भरलेल्या बाटलीला कित्येक दिवस जातात. माणसे कमी असतील, तर सर्व ठिकाणांची महिन्यातील एकच बाटली वर्गीकरणासाठी घ्यावी आणि उरलेल्या नीट जपून ठेवाव्यात. एका ठिकाणच्या सर्व बाटल्यांचे वर्गीकरण झाले आणि दुसरीकडच्या एकीचेही नाही, अशी अवस्था येऊ देऊ नये. हे सर्व जीव आपण मारलेले आहेत. म्हणून ज्यांची ओळख पटली नाही, तेही टाकून न देता पुण्यात आकुर्डी येथे असलेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रासारख्या संस्थेत जमा करण्याची बोलणी आधीच करावीत.

कापड उन्हात विरते आणि त्याचा रंगही उडतो, त्यामुळे ते ठरावीक काळाने बदलावे लागते. ते सर्व ठिकाणी एकाच आठवड्यात बदलावे, आणि निदान एका ठिकाणी जुना व नवा सापळा काही आठवडे शेजारी-शेजारी चालवून फरक मोजावा. वर्ष संपले की प्रत्येक गावात नमुन्यांची एक पेटी, भिंग आणि मराठीत लिहिलेली दोन पानांची नोंद घेऊन जावे, शाळेत आणि चावडीवर ती दाखवावी, आणि ज्या आठवड्यांत सापळा पडलेला होता ते आठवडेही त्या पानांवर जसेच्या तसे छापावेत.