बेपत्ता पत्रकाराची फाइल कशी लावायची: दे माउरो प्रकरण

माणूस नाहीसा झाला, प्रेत नाही, खटल्यात आरोपी सुटला. अशा प्रकरणावर लिहिताना बहुतेक जण 'कुणी केलं' इथूनच सुरू करतात आणि मग सोयीचे तेवढेच पुरावे गोळा होतात. सुरुवात करायची ती माणूस शेवटचा दिसला तिथून.

इटलीतल्या सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरातल्या 'लोरा' दैनिकात माफियावर सातत्याने लिहिणारे माउरो दे माउरो १६ सप्टेंबर १९७० च्या रात्री नऊच्या सुमारास घरासमोरून गेले ते गेलेच. मोठा कागद आडवा धरा आणि पाच रकाने आखा: केव्हा, कुठे, कोण सांगतंय, पाहिलं की ऐकलं, आणि कधी सांगितलं.

पाचवा रकाना लोक गाळतात, आणि फसगत तिथेच होते. मुलीने वडिलांना दोन-तीन माणसांसोबत पुन्हा गाडीत बसताना पाहिलं आणि 'अमुनिन्नी' हा शब्द ऐकला. सिसिलीच्या बोलीत 'चला, निघू'. ही लगेच दिलेली, डोळ्यांदेखतची साक्ष. तोम्माझो बुशेत्ता या माफीच्या साक्षीदाराने १९९४ मध्ये जे सांगितलं, त्यात चोवीस वर्षांचं अंतर आहे. पहिली काळ्या शाईने लिहा, दुसरी लाल. दोन्ही एकाच शाईत लिहिल्या की महिन्याभराने तुमचं तुम्हालाच कळत नाही कुठली कुठली.

हेतूंसाठी प्रत्येकी वेगळा कागद. तपासातच फाटे होते: काराबिनिएरी, म्हणजे इटलीचं लष्करी पोलिसदल, अमली पदार्थांच्या मागे, तर पोलिस मात्तेई प्रकरणाच्या. एनी या सरकारी तेल कंपनीचे प्रमुख एन्रिको मात्तेई २७ ऑक्टोबर १९६२ रोजी विमान कोसळून गेले. त्यांच्या सिसिलीतल्या शेवटच्या दोन दिवसांची माहिती दे माउरो एका सिनेमासाठी जमवत होते. तिसरा कागद बोर्गेझे या जुन्या फॅसिस्ट सेनानीने इटलीचं सरकार उलथवण्यासाठी केलेल्या, पण फसलेल्या उठावाचा.

आता प्रत्येक कागदाला तारखेची कसोटी लावा. उठाव ७ डिसेंबरच्या रात्रीचा, म्हणजे बेपत्ता झाल्यावर ८२ दिवसांनी. तेव्हा दे माउरोंना कट आधीच कळला होता, याचा पुरावा असल्याशिवाय हा कागद उभा राहत नाही. महायुद्धात ते बोर्गेझेच्याच दलात होते, हे खरं. पण ओळख असणं आणि कट ठाऊक असणं यात फरक आहे.

निकालपत्र दोनदा वाचा. पहिल्यांदा फक्त आदेश: जून २०११ मध्ये एकमेव आरोपी, माफियाचा म्होरक्या तोतो रीना, निर्दोष सुटला. दुसऱ्यांदा कारणमीमांसा: तिथे न्यायाधीशांनी मात्तेईचाच धागा उचलून धरला आहे. नुसता मथळा वाचणारे 'माफियाचा संबंध नव्हता' असं ठोकून देतात. एका आरोपीवर गुन्हा शाबीत झाला नाही, याचा अर्थ तसा होत नाही.

शोधताना नाव पूर्ण टाका, रोमन लिपीतल्या मूळ हिज्ज्यांनी. नुसतं आडनाव दिलंत तर त्यांचे भाऊ तुल्लिओ, नामांकित भाषातज्ज्ञ, पानंच्या पानं अडवतात.

गाडी दुसऱ्या दिवशी पालेर्मोतच सापडली. 'अमुनिन्नी' आणि ती गाडी यांच्यामधली ओळ कोरीच ठेवा, पेन्सिलीनेसुद्धा भरू नका. न सापडणाऱ्या प्रेताच्या खुनाला तिकडे 'लुपारा बियान्का', पांढरी बंदूक म्हणतात. नंतरच्या साक्षीदारांनी प्रेताची विल्हेवाट ज्या-ज्या तऱ्हेने लागल्याचं सांगितलं, ते सगळं लाल शाईत, वेगळ्या पानावर.